हिल हाऊसला छत्री का लागली?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, क्लाइड नदी रुंद होत होत समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर काठावर, हेलेन्सबरा नावाचे एक टुमदार गाव आहे. किनाऱ्यापासून सुरू झालेले हे गाव चढत चढत टेकडीवर जाते आणि त्या चढाच्या शेवटी २०१९ पासून एक अवाढव्य पोलादी पेटी उभी आहे. पेटीला वर पक्के छप्पर आहे, पण बाजूंना भिंतींऐवजी चिलखताच्या कड्यांसारखी विणलेली स्टीलची जाळी आहे. त्या जाळीतून आत पाहिले की धुक्यात उभे असावे तसे करड्या रंगाचे एक मोठे घर दिसते. ते म्हणजे चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या वास्तुशिल्पकाराने १९०२ ते १९०४ या काळात बांधलेले ‘हिल हाऊस’. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात ज्या घराचे नाव आदराने घेतले जाते, त्याच घरावर शंभर-सव्वाशे वर्षांत छत्री धरण्याची पाळी का यावी, हे समजून घ्यायचे तर आधी गाव, मग मालक, मग आराखडा आणि शेवटी भिंत, अशा क्रमाने जावे लागते.

हेलेन्सबरा हे वसवलेले गाव आहे. १७७६ मध्ये सर जेम्स कहून या जमीनदाराने इथे रस्त्यांची चौकटीचौकटींची आखणी करून भूखंड भाड्याने द्यायला काढले आणि गावाला आपल्या पत्नीचे, हेलनचे, नाव दिले. पुढे १८१२ मध्ये इथल्याच हेन्री बेल या हॉटेलमालकाने ‘कॉमेट’ ही वाफेवर चालणारी बोट ग्लासगो ते हेलेन्सबरा अशी सुरू केली. प्रवाशांची नियमित ने-आण करून व्यवसाय म्हणून यशस्वी झालेली ती युरोपातली पहिली आगबोट मानली जाते. १८५८ मध्ये रेल्वे आली आणि गावाचे नशीबच पालटले. त्या काळचे ग्लासगो म्हणजे जहाजबांधणी, लोखंड, कापड आणि परदेशी व्यापार यांच्या पैशाने फुगलेले, पण धुराने काळवंडलेले शहर होते. दिवसभर तिथे पेढी किंवा कारखाना सांभाळायचा आणि संध्याकाळी गाडी पकडून समुद्राच्या हवेत परत यायचे, ही सोय सधन कुटुंबांना हेलेन्सबराने मिळवून दिली. त्यांनी इथे जी घरे बांधली त्यांना तिकडे व्हिला म्हणतात. व्हिला म्हणजे चहूबाजूंनी बाग असलेले, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत न लावलेले, एका कुटुंबाचे ऐसपैस घर.

या घरांची हौस दांडगी होती. कुणाला किल्ल्याचे बुरूज हवे असत, कुणाला इटलीतल्या हवेलीची ऐट, तर कुणाला इंग्लंडच्या दक्षिणेकडची लाल कौले आणि पांढऱ्या भिंतीवर दिसणारे काळे लाकडी वासे. विल्यम लीपर या कसबी वास्तुशिल्पकाराने गावात अशी कितीतरी देखणी घरे उभी केली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाल छपरांची चलती होती, हे ध्यानात ठेवावे, कारण हिल हाऊसच्या मालकाने पहिलीच अट घातली ती या लाल छपरांच्या विरोधात.

हा मालक म्हणजे वॉल्टर ब्लॅकी, ग्लासगोच्या ‘ब्लॅकी अँड सन’ या प्रकाशन संस्थेच्या घराण्यातला. हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि मुलांच्या गोष्टी छापणाऱ्या या कंपनीची मुंबईतही कचेरी होती आणि तिच्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर तळाशी लंडन आणि ग्लासगो यांच्या जोडीला मुंबईचे नाव छापलेले असे. ब्लॅकीच्या पुस्तकांची मुखपृष्ठे सजवणारा कलादिग्दर्शक टॅल्विन मॉरिस हा मॅकिन्टॉशच्या वर्तुळातला होता. टेकडीवर जागा घेतल्यावर घर कुणाकडून बांधून घ्यावे, या प्रश्नावर मॅकिन्टॉशचे नाव त्यानेच सुचवले. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या गाजलेल्या इमारतीचा कर्ता म्हणजे कोणी पोक्त गृहस्थ असेल, अशी ब्लॅकीची कल्पना होती. प्रत्यक्ष भेटीत समोर तिशी ओलांडलेला तरुण पाहून तो चकित झाला, असे त्यानेच पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे.

ब्लॅकीने आपली पसंती आणि नापसंती स्पष्ट सांगितली. पश्चिम स्कॉटलंडच्या मळभट आकाशाखाली लाल कौले नकोत, विटा आणि लाकडी वाशांचा देखावा नको. भिंतींना करडा खरबरीत गिलावा असावा, छपराला स्लेटचा पत्थर असावा आणि घराचे रूप वरून चिकटवलेल्या नक्षीतून न येता त्याच्या घडणीतून, म्हणजे लहानमोठे भाग एकमेकांशी कसे जोडले आहेत त्यातून, यावे. मॅकिन्टॉशला हेच हवे होते. किलमॅकम गावी त्याने नुकतेच ‘विंडीहिल’ नावाचे घर बांधले होते. ते पाहून ब्लॅकी पतिपत्नींची खात्री पटली.

यानंतर मॅकिन्टॉशने जे केले ते आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्याने आधी ब्लॅकी कुटुंबाची राहणी जवळून पाहिली. कोण कधी उठते, मुले कुठे खेळतात, कामानिमित्त येणारी माणसे कुठे बसतात, हे समजून घेतल्यावर त्याने खोल्यांची मांडणी आखली, आणि ती ब्लॅकीला पसंत पडल्यावरच घर बाहेरून कसे दिसेल त्याची चित्रे काढली. त्या काळची रीत याच्या नेमकी उलट होती. आधी रुबाबदार दर्शनी बाजू ठरायची आणि मग तिच्या मागे खोल्या कोंबायच्या. नकाशे हवाली करताना मॅकिन्टॉश जे म्हणाला त्याचा आशय असा, की हे घर इटालियन व्हिला नाही, इंग्रजी हवेली नाही, स्विस बंगला नाही आणि स्कॉटिश किल्लाही नाही. हे राहण्याचे घर आहे.

ही राहण्याची सोय आत पाऊल टाकताच कळते. घर पूर्व-पश्चिम लांबट आहे, त्यामुळे महत्त्वाच्या खोल्यांना दक्षिणेचे ऊन आणि खाडीचे दृश्य मिळते. प्रवेशद्वार पश्चिमेच्या निमुळत्या बाजूला आहे आणि दारालगतच ब्लॅकीची ग्रंथखोली आहे. कचेरीच्या कामाने आलेला माणूस तिथूनच बोलून परत जाई, घरच्यांच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नसे. चार पायऱ्या चढून दिवाणखान्याआधीच्या मोठ्या दालनात यावे लागते. तिथे गडद लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये भिंतीवर साच्याने उमटवलेली नक्षी आणि जांभळट काचेचे छोटे चौकोन आहेत, आणि उजेड मुद्दाम कमी ठेवलेला आहे. पुढे भोजनगृह, आणि पूर्वेच्या टोकाला स्वयंपाकघर व नोकरांचा वावर. मुलांच्या खोल्या मोठ्यांच्या खोल्यांपासून दूर, वरच्या अंगाला आहेत. ब्लॅकीकडे भोजनगृहाचे आधीचे सामान होतेच, म्हणून ते तसेच ठेवले आणि सामानासकट संपूर्ण रचना मोजक्याच खोल्यांची केली. पैशाला मर्यादा होती आणि ती कुठे पाळायची हे दोघांनाही ठाऊक होते.

अंधाऱ्या दालनातून बैठकीच्या खोलीत गेले की डोळे दिपतात, कारण ती खोली पांढरी आहे. भिंतींवर फिकट जाळीत गुलाब उमटवले आहेत. एका अंगाला बागेत पुढे आलेली काचेची लांब खिडकी असून तिच्याखाली बसायची बैठक आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांचे कप्पे आहेत. दुसऱ्या अंगाला पियानोसाठी कोनाडा आहे. उन्हाळ्यात खिडकीशी बसायचे आणि हिवाळ्यात शेकोटीशी, अशी एकाच खोलीत दोन ऋतूंची सोय केली आहे. शेकोटीच्या वर मार्गारेट मॅकडोनाल्डने घडवलेले झोपलेल्या राजकन्येचे उठावाचे चित्र आहे. मार्गारेट ही मॅकिन्टॉशची पत्नी आणि स्वतः मोठी कलावंत. आपल्या वास्तुकामात निम्मा, किंबहुना पाऊण वाटा तिचा आहे, असे मॅकिन्टॉशने तिला पत्रात लिहिले होते. हिल हाऊसच्या बाबतीत तरी मला ते पतीचे कौतुकाचे बोलणे वाटत नाही; या घरातले गुलाब, भरतकामाचे पडदे आणि एकूण हळुवारपणा तिच्याशिवाय कल्पनेत येत नाही.

वरच्या मजल्यावरची मुख्य शय्यागृहाची खोलीही पांढरीच आहे. पलंगाच्या भागावर कमानीसारखे गोलसर छत आहे, म्हणजे झोपायची जागा ही खोलीतली आणखी एक खोली होते. या खोलीत भिंतीला टेकून एक काळी खुर्ची उभी असते. तिची पाठ शिडीसारखी, आडव्या पट्ट्यांची, जवळजवळ दीड मीटर उंच आणि वरच्या टोकाला चौकोनी जाळीची आहे; बसायची जागा मात्र वीतभरच वाटावी इतकी लहान. ही खुर्ची आज जगभर विकली जाते आणि ती बसायला गैरसोयीची आहे अशी तक्रारही जगभर होते. ती तक्रार मला जरा अन्यायाची वाटते. शुभ्र भिंतीवर एक काळी उभी रेघ हवी होती, ती त्याने लाकडात ओढली. जिथे बसून वाचायचे तिथे त्याने मऊ गाद्यांची बैठक दिलीच आहे. शेकोटीचे चिमटे, दिवे, गालिचे, कपाटांच्या मुठी, बागेचे फाटक, इतक्या सगळ्या गोष्टींवर त्याचा हात फिरला होता, हेही विसरू नये.

आता बाहेर येऊ, कारण खरी गोष्ट बाहेरच्या भिंतीत आहे. पहिल्या नजरेला हिल हाऊस जुन्या स्कॉटिश बुरूजघरांची आठवण देते. दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात शंकूच्या टोपीचा गोल जिना आहे, खिडक्या लहानमोठ्या आणि गरजेप्रमाणे कुठेही काढलेल्या आहेत, धुराडी उंच आहेत, छपराचा उतार तीव्र आहे. पण बुरूजघरांवरचे कंगोरे, ढाली, कोरीव पट्टे यांपैकी काही नाही. भिंत खालपासून वरपर्यंत एकसंध, जणू एकाच करड्या मातीतून थापून काढलेली दिसते. खिडक्यांवर छज्जे नाहीत. भिंतीचा माथा बाहेर डोकावणाऱ्या दगडी फरशीने झाकण्याऐवजी गिलावाच वर नेऊन पलीकडे वळवला आहे. १९०४ साली हे रूप इतके नवे होते की युरोपातल्या कलाविषयक नियतकालिकांनी त्याची दखल घेतली, आणि पुढे वीस-तीस वर्षांनी आलेल्या बिनसजावटीच्या आधुनिक घरांचा पूर्वज म्हणून इतिहासकार त्याच्याकडे बोट दाखवू लागले.

ही एकसंध त्वचा मिळवण्यासाठी मॅकिन्टॉशने जो गिलावा वापरला त्यातच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. स्कॉटलंडमध्ये दगडी भिंतीला खडी मिसळलेला ओला चुना हबके मारून लावायची जुनी पद्धत आहे. तिला हार्लिंग म्हणतात. मॅकिन्टॉशने दिसायला तसाच पण पोर्टलंड सिमेंटचा गिलावा करवला. तेव्हा सिमेंट हा नव्या युगाचा, पाण्याला न जुमानणारा पदार्थ समजला जाई आणि त्याचे भिंतीवरचे दूरगामी परिणाम कुणी पाहिलेले नव्हते. म्हणून त्याला बेजबाबदार ठरवणे मला पटत नाही. पण परिणाम टळत नाहीत, हेही तितकेच खरे.

चुना आणि सिमेंट यांत फरक काय, ते पाहू. चुन्याचा थर सच्छिद्र आणि थोडा लवचिक असतो. पाऊस आला की तो थोडे पाणी पितो आणि वारा सुटला की ते परत हवेत सोडतो. भिंत श्वास घेते असे गवंडी म्हणतात ते हेच. त्याला बारीक भेग गेलीच, तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे पुन्हा साचून ती काही अंशी बुजते. सिमेंटचा थर कडक आणि ठिसूळ असतो. ऊन-थंडीने मागचा दगड आणि पुढचा थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-प्रसरतात आणि थराला केसासारख्या भेगा पडतात. एवढ्याशा भेगेतून पाणी आत ओढले जाते, पण उरलेला सगळा थर घट्ट असल्यामुळे ते परत बाहेर उडून जाऊ शकत नाही. हिल हाऊसच्या भिंती मुख्यतः वालुकाश्माच्या, म्हणजे मुळातच पाणी शोषणाऱ्या दगडाच्या आहेत. पाणी त्यांत वर्षानुवर्षे मुरत राहिले. हिवाळ्यात ते गोठले की फुगते आणि थर आणखी सुटतो, आणि बाहेरची वाट बंद असल्याने ओल आतल्या अंगाला, नेमकी त्या नक्षीदार पांढऱ्या भिंतींकडे आणि लाकूडकामाकडे, सरकते. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला कोणी हौसेने सिमेंट फासून घेतले की काही पावसाळ्यांत आतून पोपडे सुटू लागतात. हेलेन्सबराचे दुखणे त्याच जातीचे आहे. फरक असा की तिथला पाऊस चार महिन्यांत उरकत नाही. तो समुद्राकडून वाऱ्यावर आडवा येतो, वर्षभर येतो आणि दोन सरींमध्ये भिंत वाळायला पुरेशी उघडीप देत नाही.

त्यात गाळलेल्या छज्ज्यांची भर पडली. कोणत्याही चांगल्या छज्ज्याच्या खालच्या कडेला गवंडी एक बारीक खाच ठेवतो. पाण्याचा थेंब कडेवरून वळून भिंतीकडे परत येऊ पाहतो, पण ही खाच ओलांडता येत नाही म्हणून तिथेच सुटून खाली पडतो. भिंतीच्या माथ्यावरची बाहेर आलेली दगडी फरशी हेच काम करते. आपण ज्याला कंगोरा किंवा पट्टा म्हणून शोभेच्या खात्यात टाकतो, त्यातले बरेचसे मुळात पाणी वळवण्यासाठी जन्माला आलेले असते. मॅकिन्टॉशने शोभा म्हणून ते पुसून टाकले तेव्हा पाण्याला भिंतीवरून सरळ खाली उतरायला आणि वाटेत भेटेल त्या भेगेत शिरायला मोकळीक मिळाली. ज्या बुरूजघरांचे रूप त्याने उचलले, त्यांचा चुना आणि त्यांच्या माथ्याची झाकणे मात्र त्याने उचलली नाहीत. हिल हाऊसचे सौंदर्य आणि त्याची ओल यांचे मूळ असे एकच आहे.

ब्लॅकी कुटुंब १९०४ पासून जवळजवळ अर्धशतक या घरात राहिले. घर बांधून होईपर्यंत ज्याच्याशी काटेकोर व्यवहार होता तो मॅकिन्टॉश ब्लॅकीचा स्नेही झाला. पण त्याचे पुढचे आयुष्य उतरंडीचे गेले. १९१४ मध्ये त्याने ग्लासगो सोडले, कामे मिळेनाशी झाली, शेवटची काही वर्षे त्याने फ्रान्सच्या दक्षिणेत जलरंगातली निसर्गचित्रे काढण्यात घालवली आणि १९२८ मध्ये लंडनमध्ये त्याचे निधन झाले. १९३३ मध्ये मार्गारेटही गेली तेव्हा मागे राहिलेल्या चित्रांची आणि चीजवस्तूंची सरकारी किंमत शंभर पौंडांच्याही आत भरली. घराला मात्र पुढेही कदर करणारी माणसे भेटली. ब्लॅकीनंतरच्या मालकाने ते जपले, १९७२ मध्ये स्कॉटलंडच्या वास्तुशिल्पकारांच्या संस्थेने ते घेतले आणि १९८२ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आले. दरम्यान गिलाव्याच्या डागडुज्या चालूच होत्या. एक ठिगळ लावले की त्याच्या कडेने नवी भेग पडे. शेवटी पाण्यात टाकलेल्या गोळीसारखे घर विरघळते आहे, अशी उपमा ट्रस्टच्या लोकांवरच द्यायची वेळ आली.

तातडीने नवा गिलावा का केला नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की ओल्या भिंतीवर कोणताही थर टिकत नाही, आणि शतकभर मुरलेले पाणी निघायला वर्षे लागतात. म्हणून आधी पाऊस थांबवायचा आणि मग भिंत तिच्या गतीने वाळू द्यायची, असे ठरले. लंडनच्या कारमडी ग्रोअर्क या वास्तुशिल्प संस्थेने त्यासाठी २०१९ मध्ये ही पेटी उभारली. तिच्या जाळीत तीन कोटी वीस लाखांहून अधिक कड्या आहेत. जाळीच का, यामागे साधे गणित आहे. पेटीच्या बाजू पत्र्याने बंद केल्या असत्या तर क्लाइडवरचा वारा त्यांवर शिडासारखा भरला असता, सांगाडा कितीतरी जाड करावा लागला असता आणि आतली हवा कोंदट झाली असती. जाळी वाऱ्याला वाट देते, त्याचा जोर मोडते आणि आडव्या पावसाचे बहुतेक थेंब कड्यांवर अडवते. थोडे तुषार आत येतात, तेही चालतात. भिंत एकदम करकरीत वाळली तर नव्या भेगा पडण्याचा धोका असतो. दुखणाईताला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करावी, तसा हा उपचार आहे.

भिंती वाळल्यावर त्यांच्यावर काय चढवायचे, हा खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा. चुना वापरावा तर मॅकिन्टॉशने निवडलेला पदार्थ बदलतो आणि कदाचित पृष्ठभागाचा पोतही. सिमेंटच ठेवावे तर दुखणे परत येणार. माथ्यावर फरशा आणि खिडक्यांवर छज्जे द्यावेत तर पाणी तुटेल, पण मग ती अखंड करडी त्वचा राहणार नाही, आणि तिच्यासाठीच तर लोक हे घर पाहायला येतात. स्वतः मॅकिन्टॉश आज असता तर त्याने चुना निवडला असता, असे म्हणायला मला मोह होतो, पण त्याला नव्या पदार्थांची ओढ होती, हेही आठवते.

पेटीमुळे एक अनपेक्षित सोय झाली आहे. तिच्या आत घराभोवती आणि छपरावरून जिने आणि पूल नेले आहेत. त्यांवरून चालणारा माणूस स्लेटच्या उतारांच्या आणि धुराड्यांच्या वर येतो. जाळीपलीकडे गावाच्या सरळ रस्त्यांची चौकट आणि त्यापुढे खाडी दिसते. पश्चिमेच्या निमुळत्या भिंतीचा माथाही तिथून जवळून पाहता येतो. त्यावर दगडी फरशी नाही, खाच नाही. गिलावा एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरला आहे, आणि त्या वळणावर, जिथे पाणी सर्वांत आधी पडायचे तिथेच, भेगा आहेत.